काटा

खोक्यावर तीन हजार छापलं होतं.
बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
तीन हजार काय?
शिडीवरून, तोंडात स्क्रू धरून,
पुष्पेंद्र म्हणाला, स्पीड है अंकल.
कुणाचं स्पीड? कुठून कुठपर्यंत?
पुष्पेंद्रनं माझ्याकडे पाहिलं.

चौतीस वर्षं नापतौल खात्यात काढलेला माणूस.
ह्याच दाणाओळीत, खाली,
निगुडकर साहेब निघालेत अशी नुसती कुजबुज झाली
की तागड्यांच्या बुडाचं मेण खरवडलं जायचं.

मी समजावत गेले.
दोन पट्टे असतात, बाबा.
दोन पॉइंट चारचा संथ, पण भिंतीतून वाट काढतो.
पाचाचा चपळ,
पण आपली दीड हात दगडी भिंत आली की गळपटतो.
ह्याचे पाचशे चौऱ्याहत्तर,
त्याचे दोन हजार चारशे दोन.

विजेच्या बिलामागे त्यांनी बेरीज केली.
दोन हजार नऊशे शहात्तर.
वरचे चोवीस कुठून आणले?
आणि दोन निराळ्या तागड्यांतला माल
एका पाटीवर मांडायची परवानगी कुणी दिली ह्यांना?
सरळ काटा मारलाय.

मग कपाटातून जुनी वही निघाली, लाल रेघांची.
घरातलं एकेक यंत्र
तपासणीला उभं राहिलं.

माझा लॅपटॉप: राउटरला शिंगं चार, ह्याला कान दोन.
रस्ता एकशे साठ रुंदीचा असला
तरी ह्याची गाडी ऐंशीच्याच मापाची.
लिहा, बाराशे एक.
तेही कागदावर, म्हणाले ते, आणि बाजूला
प्रत्यक्षासाठी रकाना मोकळा सोडला.

टीव्ही: राउटरला सिग्नल वळवून
नेमका एकाच्याच दिशेनं धाडता येतो,
पण त्यासाठी समोरच्यानं आधी कळवावं लागतं,
मी इथे आहे, तू मला असा असा ऐकू येतोस.
आमचा टीव्ही कळवत नाही.
त्याला ते शिकवलेलंच नाही.
म्हणजे घेणाऱ्याला मोजता येत नसेल
तर देणाऱ्याचं कसब वाया, असंच ना?
असंच.

प्रिंटर: मी नवं कुलूप घातलं
तर बिचाऱ्याला उघडता येईना.
शेवटी जुनी चावीही चालेल, असं ठेवलं.

आणि बाबांचा फोन.
पाचाचा पट्टा त्याला दिसतच नाही.
राउटरनं कितीही पुकारा केला,
ह्याच्यासाठी तिथे शांतता.
कान एक. आकडा बहात्तर.
मी म्हटलं, नवा घेऊया.
त्यांनी शाईनं लिहिलं:
माप बरोबर. भांडं लहान.
खाली सही. तारीख.

निजताना दारातून विचारलं,
हा जुना बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं?
मी अर्धवट झोपेत,
हो, थोडंसं. हवा एकच ना.

राउटर माझ्या खोलीत लागला.
मी ऑफिसच्या मीटिंगला बसते दहाला.
महिन्याभरानं, काहीतरी दुसरंच शोधताना,
जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली.
रोज दहाला पाच मिनिटं असताना
सातातलं एक गळतं.
दीडला परत येतं.
रविवारी गळत नाही.

भिंतीपलीकडे ते पेपर उलगडतात.
चुरमुरा आवाज, तो दगडातूनही येतो.
नातवाचे व्हिडिओ, ग्वाल्हेरच्या बातम्या,
जळगावच्या मावशीचे सुप्रभात,
सगळं दीडपर्यंत तुंबून राहतं.

मी पाचाच्या पट्ट्यावर असते.
त्यांचा फोन तिथे येऊच शकत नाही.
ते थांबले काय, न थांबले काय,
माझ्या वेगात तिळाइतका फरक पडत नाही.
मोजलंय मी. दोनदा.

वहीत लिहिलेलं नाही.